चिखलात गाडी घालायचं हे वेड आलं कुठून? नेपल्सच्या स्वॅम्प बगीची जुनी गोष्ट

चिखलातल्या ट्रक रेसचे व्हिडिओ आजकाल सगळ्यांच्या फोनवर येतात, मोठाल्या चाकांचा ट्रक, चारी बाजूला उडणारा राडा, बाजूला टोप्या घालून ओरडणारी पब्लिक, आणि खाली कमेंट ठरलेली की या अमेरिकन लोकांना कामधंदा नाही का. मला पण आधी तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण यातली जी फार जुनी आणि अगदी घरगुती शाखा आहे ना, अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या नेपल्सची स्वॅम्प बगी (म्हणजे दलदलीत चालवायला घरीच बनवलेली गाडी) रेस, तिचा इतिहास बघितला की कळतं की गाडी चिखलात घालायची हौस नंतर आली, आधी नाइलाज होता. तिथे चिखल सोडून दुसरा रस्ताच नव्हता.

आधी ती जमीन कशी आहे ते सांगतो नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. फ्लोरिडाचं दक्षिण टोक जवळजवळ सपाट आहे, उतार इतका कमी की पावसाचं पाणी वाहत नाही, पसरतं, आणि पसरत पसरत हळूहळू समुद्राकडे सरकतं. पूर्वेकडचा भाग म्हणजे एव्हरग्लेड्स, उघडा, गवताचा. पश्चिमेकडे बिग सायप्रस, म्हणजे पाण्यात उभी असलेली सायप्रसची झाडं, मध्ये मध्ये पाइनची उंच जागा आणि सगळीकडे गाळ. त्या गाळाखाली चुनखडीचा खडक, तोही सलग नाही, पाण्याने खाऊन खाऊन भोकं पडलेला. वर सायप्रसच्या मुळांची टोकदार टेंगळं पाण्याखाली लपलेली. साधी गाडी घातली तर ती एक तर रुतणार नाहीतर टायर फाटणार. उघड्या गवतात मागे पंखा लावलेली एअरबोट मस्त चालते पण झाडीत ती काय करणार? तिथले आदिवासी, म्हणजे सेमिनोल आणि मिकासुकी लोक, लाकूड कोरून केलेल्या होड्या वापरायचे आणि जिथे होडी चालत नाही तिथे पायी. बाकीचेही तसेच, पायी नाहीतर बैलगाडी.

१९२३ मध्ये नेपल्सच्या भागाची कॉलियर काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) झाली, बॅरन कॉलियर या जाहिरातीच्या धंद्यात पैसा केलेल्या माणसाच्या नावावरून, आणि त्यानेच पैसा ओतून टॅम्पा ते मायामी हा टॅमियामी ट्रेल नावाचा रस्ता पुरा करून घेतला, तो १९२८ मध्ये सुरू झाला. रस्ता झाला खरा पण रस्त्यावरून खाली उतरलात की परत तेच पाणी. नेपल्स तेव्हा समुद्रकिनाऱ्यावरचं लहानसं गाव, मासेमारी, शिकार, थोडे श्रीमंत पाहुणे थंडीत यायचे आणि गावातली माणसं त्यांना शिकारीला घेऊन जायची. शिकार म्हणजे नुसती मजा नाही हं, हरीण आणि टर्की हे घरच्या जेवणात होतं.

तिथे एड फ्रँक नावाचा माणूस होता, गावात गाड्या दुरुस्तीचं गॅरेज चालवायचा. त्याने १९३० च्या दशकात जुन्या गाड्यांचे भाग जोडून एक उंच, बेढब वाहन बनवलं आणि पहिली स्वॅम्प बगी म्हणून तेच ओळखलं जातं. नाव टम्बल बग. डोकं बघा काय लावलं होतं या मंडळींनी: जुन्या फोर्डचं चेसिस, त्यावर उंच सीट, खाली मोठी चाकं म्हणजे पोट खडकाला आणि मुळांना लागणार नाही, आणि बऱ्याच जणांनी एकामागे एक दोन गिअरबॉक्स बसवले, त्यामुळे इंजिन साधं असलं तरी चाक एकदम हळू पण जबरदस्त ताकदीने फिरणार. दलदलीत स्पीड कामाचा नसतो, चाक जागच्या जागी फिरलं की गाडी स्वतःचाच खड्डा खणते. हे ज्याने कधी पावसाळ्यात शेताच्या वाटेवर गाडी घातली असेल त्याला सांगायला नको.

एकाचं बघून दुसऱ्याने बनवली, दुसऱ्याचं बघून तिसऱ्याने, आणि कंपनी कुठलीच नव्हती म्हणून प्रत्येक गाडी वेगळी. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचा माल मोडीत निघाला, जीप, ट्रकचे ॲक्सल, विमानांचे टायर, आणि या लोकांची चंगळच झाली. (विलीस जीप युद्धानंतर जगभर पसरली, आपल्याकडे मुंबईत महिंद्रानी तीच जोडायला घेतली, ती त्याच काळातली गोष्ट.) शिवाय १९४३ मध्ये याच काउंटीत सनीलँडला फ्लोरिडातलं पहिलं तेल सापडलं आणि फाकाहाची भागात सायप्रसची प्रचंड लाकूडतोड सुरू झाली, ती १९५७ पर्यंत चालली, म्हणजे दलदलीत माणसं आणि सामान न्यायची गरज शिकाऱ्यांपुरती राहिली नाही.

आता रेस. शिकारीचा सीझन नोव्हेंबरच्या आसपास सुरू व्हायचा. पाऊस नुकताच संपलेला, पाणी भरपूर. वर्षभर पडून असलेली बगी जंगलात मध्येच बंद पडली तर मेलात, म्हणून सीझनच्या आधी सगळे गावाजवळच्या एका शेतातल्या दलदलीत जमायचे आणि गाड्या चालवून बघायचे. चार माणसं, चार घरी बनवलेल्या गाड्या आणि प्रत्येकाला वाटतंय माझीच भारी. रेस लागणारच हो, त्याला कोणी आयोजक लागत नाही. हे १९४० च्या दशकात असंच चालू होतं आणि १९४९ च्या नोव्हेंबरमध्ये पहिली रीतसर स्पर्धा झाली, गावात स्वॅम्प बगी डे जाहीर झाला, गाड्यांची परेड निघाली. बक्षीस काय, तर बंदूक. कप नाही, ढाल नाही, शिकाऱ्याला लागते तीच वस्तू. मला हे फार आवडतं, कारण यातून कळतं की ही स्पर्धा कोणी टुरिस्टांसाठी काढलेली नव्हती.

ट्रॅकचं नाव पुढे माइल ओ मड पडलं, म्हणजे मैलभर चिखल, प्रत्यक्षात तो पुरा मैल पण नाही पण एवढं चालतं. त्यात एक सगळ्यात खोल जागा आहे, तिला सिप्पी होल म्हणतात, मिसिसिपी या टोपणनावाच्या एका ड्रायव्हरवरून, जो तिथेच अडकायचा. म्हणजे गड्याचं नाव जिंकण्यासाठी नाही तर रुतण्यासाठी अमर झालं, आणि बाकीच्यांनी ते इतकी वर्षं प्रेमाने टिकवलंय. गावकी असावी तर अशी. मग १९५० च्या दशकात स्वॅम्प बगी क्वीनची गंमत सुरू झाली. गावातली एक मुलगी राणी म्हणून निवडायची, झगा, मुकुट सगळं, आणि जिंकलेल्या ड्रायव्हरने तिला घेऊन सरळ चिखलात उडी मारायची. कोणीतरी विजयाच्या जोशात एकदा केलं आणि ती प्रथाच पडली. बाहेरचे फोटोग्राफर तेवढ्या एका फोटोसाठी यायला लागले. आजच्या नजरेने त्यावर नाक मुरडता येईल, पण त्या मानासाठी मुलींची चढाओढ असायची, हेही तितकंच खरं.

अमेरिकेत इतर ठिकाणी जे मड बॉगिंग, म्हणजे ट्रक चिखलात घालायचा खेळ, वाढलं त्याचा रस्ता थोडा वेगळा. तिथे शेतातले पिकअप ट्रक, ट्रॅक्टरचे टायर आणि रविवारची दुपार. सेंट लुइसजवळ फोर बाय फोरचं दुकान चालवणाऱ्या बॉब चँडलरने आपल्या १९७४ च्या फोर्ड पिकअपला मोठी चाकं लावत लावत बिगफूट बनवला, १९८१ मध्ये त्याने तो जुन्या गाड्यांवरून नेऊन त्यांचा चुरा करताना शूटिंग केलं, आणि तिथून मॉन्स्टर ट्रक हा वेगळाच धंदा झाला. स्टेडियममध्ये डंपरने माती आणून ओतायची आणि तिकीट लावायचं. त्याला माझी ना नाही, पण ती सर्कस आहे, गाव नाही.

आणि आता जो भाग लोकांना माहीतच नसतो तो सांगतो. १९६८ मध्ये मायामीवाल्यांनी बिग सायप्रसच्या मधोमध जगातला सगळ्यात मोठा विमानतळ बांधायला घेतला, ३९ चौरस मैलांचा प्लॅन, एक १०,५०० फुटांची धावपट्टी बांधून पण झाली. त्याच्या विरोधात पर्यावरणवाले उभे राहिले, लेखिका मार्जरी स्टोनमन डग्लस यांनी १९६९ मध्ये फ्रेंड्स ऑफ द एव्हरग्लेड्स ही संघटना काढली, मिकासुकी लोक उभे राहिले, आणि त्यांच्या बरोबरीने हे बगीवाले शिकारी पण. एरवी या तिघांचं एकमेकांशी फारसं पटणारं नाही. प्रकल्प १९७० मध्ये थांबला आणि १९७४ मध्ये बिग सायप्रस नॅशनल प्रिझर्व्ह झालं, नॅशनल पार्क नाही तर प्रिझर्व्ह, कारण त्यात शिकार आणि दलदलीतल्या गाड्या चालू राहतील असा समझोता होता. (ती धावपट्टी अजून आहे, २०२५ मध्ये तिथेच स्थलांतरितांना ठेवायचा कॅम्प उघडला आणि पर्यावरणवाले नि मिकासुकी परत कोर्टात गेले.)

पण समझोता झाला म्हणजे भांडण मिटलं असं नाही. बग्या वाढल्या, चाकांच्या चाकोऱ्या दलदलीत वर्षानुवर्षं तशाच राहतात, त्यातून पाण्याचा प्रवाह बदलतो, झाडं मरतात, हे काही उगाच बोंबलणं नव्हतं. कोर्टकचेरी झाली आणि २००० च्या आराखड्यात पार्क खात्याने ठरवून टाकलं की साधारण ४०० मैलांच्या नेमलेल्या वाटांवरच गाड्या चालतील, परमिटही साधारण २,०००. जुन्या लोकांना हे फार लागलं. आमच्या आज्याने काढलेल्या वाटा आणि आम्हालाच परमिट, असा सूर. दोन्ही बाजू बरोबर असलेलं भांडण आहे हे आणि मला तरी कुणा एकाच्या बाजूने घोषणा द्यायला जमत नाही.

तिकडे गावच बदलून गेलं. १९६० मध्ये डोना चक्रीवादळाने नेपल्स झोडपलं, त्यानंतर बांधकामं धडाक्यात सुरू झाली, शेजारी गोल्डन गेट इस्टेट्समध्ये कालवे खणून दलदल सुकवून प्लॉट विकले गेले, आणि आज नेपल्स म्हणजे गोल्फ कोर्स आणि निवृत्त कोट्यधीश. रेस १९८० च्या दशकात गावाबाहेर फ्लोरिडा स्पोर्ट्स पार्कात गेली आणि वर्षातून साधारण तीनदा होत आली. तिथे भेटणारी माणसं मात्र बरीचशी त्याच घरांतली. चेसर घराण्यातले लेनर्ड, एडी, एमी, असे कितीतरी जण ट्रॅकवर उतरलेले. सुट्टे भाग दुकानात मिळतच नाहीत, म्हणून वेल्डिंग येणारा काका, इंजिन कळणारा मेहुणा आणि गाडी ओढून काढायला शेजारी, हे सगळं लागतंच. हरवायचंय त्यालाच आदल्या रात्री गिअरबॉक्सचा पार्ट द्यायचा, यात कोणाला काही विचित्र वाटत नाही. बायका पण चालवतात.

गंमत अशी की आजची रेसची बगी दलदलीत नेलीत तर दोन मिनिटांत आडवी होईल. लांबलचक, अरुंद, खाली होडीसारखं बूड, पातळ पण भली उंच चाकं आणि वर व्ही-एट इंजिनाचा भोंगा, म्हणजे ड्रॅगस्टर (सरळ ट्रॅकवर सुसाट पळणारी रेसची गाडी) आणि होडी यांचं पोर. पाण्याच्या ट्रॅकवर सरळ जायचं आणि वळायचं एवढंच तिचं काम. शिकारीची बगी वेगळी राहिली, रुंद, उंच, वर दोन मजली सीट, कूलर ठेवायला जागा, आणि ती अजून अंगणात उभी असते. बऱ्याच घरांत दोन्ही असतात. आणि ज्याच्याकडे दोन्ही नाहीत, ना पैसा ना काका, त्याच्यासाठी जीपचा वेगळा क्लास ठेवलाय, नाहीतर मग एअर-कूल्ड इंजिनवाल्यांचा, त्यात फोक्सवॅगन बीटलचं जुनं इंजिन पण चालतं. तेवढ्यात सुरुवात होते, पुढचं सगळं पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या दुरुस्त करतात तिथे, शेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारायचं.