चढावर गोळी खाली लागते? नाही हो

डोंगरात मार्मॉटसारख्या (खारीच्या कुळातला डोंगरी प्राणी) छोट्या शिकारीवर लांबून रायफल चालवणारे वर्षानुवर्षं सांगत आलेत की चढाच्या दिशेने नेम धरला तर गोळी खाली लागते आणि उताराच्या दिशेने धरला तर वर. अर्धंच खरंय हे! दोन्हीकडे गोळी वरच जाते, कारण गुरुत्वाकर्षणाचा हिशोब तिरक्या अंतराने नाही, साधारण आडव्या अंतराने धरायचा असतो. म्हणजे रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) ४०० मीटर दाखवतोय आणि कोन ३० अंशांचा आहे तर ४०० गुणिले ०.८६६ (३० अंशांचा कोसाइन), नेम जवळपास ३४६ मीटरचा धरायचा, नाहीतर एवढंसं जनावर, गोळी सरळ डोक्यावरून. त्यात ३००० मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण पाव हिश्श्याने विरळ, अडथळा कमी, म्हणून खाली झीरो केलेली, म्हणजे नेम जुळवून घेतलेली रायफल तिथे अजून थोडी वरच मारते.