पायाखालच्या जांभळ्या काचांविषयी

अमेरिकेतील सिॲटल शहराच्या पायोनियर स्क्वेअर भागातील फूटपाथवरच्या जांभळ्या काचांचे छायाचित्र आमच्या गल्लीच्या ग्रुपवर 'शोभेसाठी मुद्दाम रंगवलेल्या काचा' अशा ओळीसह अधूनमधून येते. ही जुनी समजूत चुकीची आहे. कोल्हापूरच्या पेठांतल्या जुन्या घरांत चुलीपाशी उजेड यावा म्हणून छपरात एखादे काचेचे कौल घालत, त्याच कामासाठी या काचा फूटपाथखालच्या तळघरांवर बसवल्या गेल्या. न्यूयॉर्कच्या थॅडियस हायट यांनी १८४५ मध्ये लोखंडी चौकटीतील अशा काचांचे पेटंट घेतले; पुढे काचेच्या खालच्या अंगाला लोलकाचा आकार देऊन प्रकाश आत आडवा, दूरवर वळवला जाऊ लागला.

रंगाचे कारण रसायनात आहे. वाळूतील लोहामुळे काच हिरवट होते आणि तो हिरवटपणा मारण्यासाठी तिच्या मिश्रणात मँगनीज डायऑक्साइड घालत. उन्हातील अतिनील किरण वर्षानुवर्षे पडत राहिले, की त्याच मँगनीजचे ऑक्सिडीकरण होऊन काच जांभळी पडते. रंग घालवण्याच्या खटपटीतूनच रंग आला, ही यातली खरी गंमत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मँगनीजचा वापर मागे पडला, त्यामुळे जांभळ्या रांगेत एखादीच नितळ काच दिसली, तर ती बहुधा मागाहून बदललेली असते.