खिशातल्या चाकूचं पाणी

मे महिन्यात भाचा सुट्टीवर आला तेव्हा सोलापुरात पारा ४२ च्या पुढे होता, आणि त्याची पुढची पोस्टिंग लेहकडे लागली होती. "मामा, तुम्ही आयुष्यभर पोरांना पोलाद शिकवलं. मला एक चाकू निवडून द्या की," म्हणाला. लढाईचा नव्हे, रोजचा. दोरी कापायला, खोकी फोडायला, पाकिटं उघडायला, कांदा चिरायला. घडी होऊन खिशात मावणारा. मोबाइलवर त्यानं चार चाकू काढून ठेवले होते. प्रत्येकाखाली पोलादाचं नाव आणि एक आकडा: ५६, ५८, ६०, ६२. ज्याचा आकडा मोठा तो भारी, असा त्याचा सरळ हिशेब.

हा आकडा रॉकवेल मापातल्या कठीणपणाचा. १२० अंशांचा हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या भारानं पोलादात दाबतात आणि तो किती रुतला ते मोजतात. जितका कमी रुतेल तितका आकडा मोठा. पण पातं आपटलं, पिळलं, आडवं दाबलं तर काय होईल, हे या आकड्यात नसतं. घरात कडक भाकरी होती, ती त्याच्या हातात दिली. बोट दाबून बघ म्हटलं. खड्डा पडला नाही. आता वाकव. कडकन दोन तुकडे. मग तव्यावरची ताजी दिली. तिच्यात बोट रुतलं, पण ती चार पदरी दुमडली तरी मोडली नाही. कठीणपणा वेगळा आणि चिवटपणा वेगळा, आणि पोलादात एक वाढवला की बहुधा दुसरा घटतो.

या दोघांचा तोल साधतो तो भट्टीत. आपल्याकडे लोहार म्हणतो, पोलादाला 'पाणी दिलं'. पाणीदार पातं म्हणतात ते हेच. साधं कार्बनचं पोलाद ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलं की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि तिच्यात कार्बनला जागा होते. स्टेनलेसला त्यासाठी हजाराच्याही वर न्यावं लागतं. मग एकदम थंड केलं की लोखंडाची मांडणी परत फिरू बघते, पण कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, सगळी जाळी ताणली जाते, आणि तयार होतं मार्टेन्साइट. अतिशय कठीण, आणि काचेसारखं ठिसूळ. म्हणून ते पुन्हा हलकं तापवतात, बऱ्याच चाकूंसाठी २०० अंशांच्या आसपास. थोडा कार्बन बाहेर सरकतो, ताण सैलावतो, चिवटपणा येतो. हे दुसरं तापवणं नीट झालं नाही तर महागातलं पोलादही वाया जातं. म्हणून पोलादाच्या नावापेक्षा मी ते पाणी कुणी दिलंय ते आधी बघतो.

ते पाणी उतरतंही. आमच्या स्वयंपाकघरातली एक चांगली सुरी मी घाईनं वीजेच्या ग्राइंडरवर धरली होती. ठिणग्या छान उडाल्या, आणि पुसून पाहिलं तर धारेलगत निळसर पट्टा. पोलादावर तो निळा रंग ३०० अंशांच्या आसपास येतो. म्हणजे जिथं पाणी हवं नेमक्या त्याच काठावर मी पुन्हा भट्टी लावली होती. त्यानंतर ती धार दोन दिवसही टिकेना. गल्लीत सायकलवर चाक बसवून येणारा धारवाला पातं क्षणभर टेकवतो आणि उचलतो, ते यासाठीच.

आता जवानाच्या खिशाकडे येतो. धार तर बोथट होणारच. खनिजांचा कठीणपणा १ ते १० मध्ये मोजणाऱ्या मोहस मापावर वाळूतलं क्वार्ट्झ ७ येतं आणि चाकूचं चांगलं कठीण पोलाद साधारण साडेसहा, त्यामुळे धुळीनं भरलेली दोरी कापली की कुठलंही पातं झिजतं. तेव्हा प्रश्न असा विचारायचा, की चौकीवर बसून ही धार परत आणता येईल का? ज्या पोलादात व्हॅनेडियम हा धातू भरपूर असतो, उदाहरणार्थ ९ टक्क्यांचं एस९०व्ही, त्यात व्हॅनेडियम कार्बाइडचे, म्हणजे धातू आणि कार्बन जुळून झालेल्या संयुगाचे, कण असतात. ते धार लावायच्या साध्या दगडातल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षाही कठीण. दगडच झिजतो, कण हटत नाहीत, हिऱ्याची पट्टी लागते. धार खूप दिवस टिकते हे खरं, पण एकदा गेली की गेली. याउलट ५६ ते ५८ चं साधं स्टेनलेस चिनीमातीच्या कपाच्या बुडाशी जी खरखरीत कड असते तिच्यावर पाच मिनिटांत ताळ्यावर येतं. स्विस सैन्याला चाकू पुरवणारी व्हिक्टोरिनॉक्स कंपनी आजही पातं ५६ च्या आसपासच ठेवते. त्यांना ६२ जमत नाही म्हणून नव्हे.

गंजाचं थोडक्यात. पोलादातलं क्रोमियम साडेदहा टक्क्यांच्या वर गेलं की पृष्ठभागावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर धरतो आणि ओरखडा पडला तरी पुन्हा धरतो. भाच्याच्या यादीतल्या डी२ नावाच्या पोलादात क्रोमियम १२ टक्के असतं, तरी घामाचे डाग पडतात, कारण त्यातलं बरंचसं कार्बाइडमध्ये अडकलेलं असतं. लडाख कोरडं आहे, पण पोस्टिंग बदलते. उद्या अंदमानला गेला तर?

पात्याच्या जाडीवर मात्र मी अडून बसलो. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनानं वाढतो, म्हणजे ३ मिलिमीटरचं पातं २ मिलिमीटरच्या जवळजवळ साडेतीनपट ताठ. धार एका बाजूला २० अंशांची, त्याहून बारीक नको. आणि तरीही डबा उचकटायला टोक वापरायचं नाही, विशेषतः थंडीत. तापमान उतरतं तसा पोलादाचा चिवटपणाही उतरतो. लॉक हवंच, नाहीतर जोर देताना पातं मिटून बोटांवर येतं. पातं उघडून डावी-उजवीकडे हलवून बघायचं, ढिलं असेल तर परत. मूठ नायलॉनची किंवा लाकडाची, कारण ॲल्युमिनियम हाताची ऊब त्यांच्यापेक्षा कितीतरी वेगानं ओढून घेतं, आणि उणे २० अंशांत ओल्या बोटाची कातडी उघड्या धातूला चिकटते.

शेवटी दोन चाकू उरले, ५८ चे दोन्ही. एकाच्या पात्याला नखानं ओढायची बारीक खाच होती, दुसऱ्याला अंगठा अडकेल एवढं भोक. दोन्ही दुकानात जाऊन पाहिले. पंखा घरघरत होता, भाच्यानं पिशवीतून सैन्याचे जाड हातमोजे काढून चढवले. खाचेचा चाकू त्याला तीनदा प्रयत्न करूनही उघडता आला नाही. भोकाचा पहिल्याच झटक्यात उघडला.

"हा बांधून द्या," तो दुकानदाराला म्हणाला, आणि हातमोजे काढून कपाळाचा घाम पुसला.