तपकिरी डोक्याचा कुरव

तपकिरी डोक्याचा कुरव (क्रोइकोसेफॅलस ब्रुनिसेफॅलस) हा हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर येणारा स्थलांतरित पक्षी; कुरव म्हणजे इंग्रजीतला ‘गल’. लांबी ४१ ते ४५ सेंमी, म्हणजे गावकावळ्याहून किंचित मोठा. ब्रिटिश निसर्गअभ्यासक जेर्डन यांनी १८४० मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. गणना समुद्रपक्ष्यांत होत असली तरी त्याची वीण समुद्रापासून फार दूर, तिबेट, पामीर आणि लडाखमधल्या तलावांवर होते. सुमारे ४,५०० मीटर उंचीवरच्या लडाखच्या त्सो मोरीरी तलावाच्या परिसरातही तो घरटी करतो. ऑक्टोबरच्या सुमारास तो किनाऱ्यावर उतरतो आणि एप्रिलपर्यंत बहुतेक पक्षी परततात.

नावावर विसंबले की फसगत ठरलेली. जानेवारीत याचे डोके पांढरे असते, डोळ्यामागे फक्त एक काळपट ठिपका. तोच ठिपका काळ्या डोक्याच्या कुरवालाही असतो, आणि दोघे एकाच थव्यात उडतात. त्यात गंमत अशी, की त्या ‘काळ्या’ डोक्याचा विणीतला रंगही मुळात गडद तपकिरीच! तेव्हा डोके सोडून पंख पाहावा. या कुरवाच्या पंखाचे टोक रुंद काळे असून त्या काळ्यात दोन ठळक पांढरे ठिपके असतात. दुसऱ्याच्या पंखाची पुढची कड लांबलचक पांढरी असते आणि काळा रंग टोकाच्या मागच्या कडेपुरताच. पक्षी बसलेला असेल तर डोळा पाहावा: प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाची बुबुळे फिकट, दुसऱ्याची गडद. चोचही याची जाड, लाल, टोकाला काळी.

खरी अडचण पहिल्या हिवाळ्यातल्या पक्ष्यांची. त्यांच्या पंखावर पांढरे ठिपके नसतात, डोळाही गडद असतो, शेपटीवर काळा पट्टा असतो. अशा वेळी टोकाच्या काळ्या रंगाची रुंदी हाच आधार. सूर्य समोर असेल तर तीही नीट कळत नाही; ऊन पाठीशी घ्यावे आणि पक्षी वळताना पंखाची वरची बाजू पाहावी.

मासे, कोळंबी, जाळ्यातून टाकलेली मासळी हे याचे खाणे. म्हणूनच मासेमारी बोटींमागे थवे लागतात. मुंबईहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचवरून लोक वेफर्स, फरसाण उधळतात. पक्षी हातापर्यंत येतात खरे, पण ते त्यांचे अन्न नव्हे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये डोक्याची पिसे बदलू लागतात. नवी टोपी चेहऱ्याकडे फिकट आणि मानेकडच्या कडेला जवळजवळ काळी असते. तेव्हा एकाच थव्यात पांढरी, अर्धी रंगलेली आणि पूर्ण तपकिरी अशी तिन्ही डोकी दिसतात.