लैंगिक इतिहासाची मुलाखत (किन्सी पद्धत)

माणसाच्या लैंगिक आयुष्याची माहिती समोरासमोर बसून, ठरावीक प्रश्न पण सवडीप्रमाणे क्रम बदलून घेण्याची पद्धत. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ आल्फ्रेड किन्सी (1894–1956) यांनी ती घडवली. त्यांचा मूळ अभ्यास झाडांवर गाठी करणाऱ्या गांधीलमाश्यांचा. 1938 मध्ये ते विवाहविषयक वर्ग घेऊ लागले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या शंकांना पुरेल अशी आकडेवारीच हाताशी नव्हती. पुढे त्यांच्या गटाने सुमारे 18,000 मुलाखती घेतल्या. पुरुषांवरचा अहवाल 1948 मध्ये निघाला, स्त्रियांवरचा 1953 मध्ये.

प्रश्न साधारण 300, जास्तीत जास्त 521. आधी वय, गाव, शिक्षण, आजारपण; नाजूक विषय मागाहून. ‘हस्तमैथुन केले आहे का’ असे न विचारता ‘पहिल्यांदा कधी केले’ असे विचारायचे, म्हणजे नाकारण्याचा भार समोरच्यावर पडतो. उत्तरे एकाच कागदावर सांकेतिक खुणांनी टिपली जात आणि खुणांचा अर्थ मुलाखतकारांना पाठ असे. पडताळ्यासाठी काहींना बऱ्याच महिन्यांनी पुन्हा विचारत, नवरा-बायकोची उत्तरे ताडून पाहत.

लंगडी बाजू नमुन्याची. माणसे स्वखुशीने आलेली, शिवाय पुरुषांत तुरुंगातल्यांचा भरणा. कॉक्रन, मॉस्टेलर आणि टुकी या संख्याशास्त्रज्ञांनी 1954 मध्ये निवडीवरच बोट ठेवले. त्यामुळे किन्सींची भिन्नलिंगी-समलिंगी कलाची 0 (पूर्ण भिन्नलिंगी) ते 6 (पूर्ण समलिंगी) ही पट्टी वर्णनाला उपयोगी असली, तरी त्यांचे टक्के साऱ्या देशाला लावणे चूक.

ही पद्धत सातारा-सांगलीकडे वापरली, तर नमुना दुसऱ्याच वाटेने बिघडू शकतो. खानापूर-आटपाडीचे गलाईवाले (सोने-चांदी गाळणारे) परराज्यांत, पाटण-जावळीचे माथाडी मुंबईत. एरवी घरोघर फिरले तर हीच माणसे यादीतून गळतात. गावच्या यात्रेला ती सापडतात, पण तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेले. आणि एकांत नसेल तर मुलाखत न घेतलेली बरी: सासू आतल्या खोलीत असली की सून ‘तसलं काय न्हाई’ म्हणून मोकळी होते. त्याच गावच्या आशाताईंनाही मुलाखतकार नेमू नये. त्या कितीही विश्वासू असल्या तरी घराशी त्यांचे रोजचे येणे-जाणे असते. वय आठवेना तर कोयनेचा भूकंप (11 डिसेंबर 1967), 72 चा दुष्काळ, 2005 किंवा 2019 चा महापूर, यांच्या आधी की नंतर असे विचारावे.

किन्सी संपूर्ण गुप्ततेचा शब्द देत. भारतात तो तसाच्या तसा देता येत नाही. 18 वर्षांखालील व्यक्तीवर अत्याचार झाल्याचे कळले, तर पॉक्सो (लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण) कायद्याप्रमाणे (2012) पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे; हे संमतीपत्रावर सही घेण्याआधीच सांगावे.