आफ्रिकान्स साहित्याचे द्वितीय भाषा म्हणून शालेय अध्ययन

आफ्रिकान्स ही दक्षिण आफ्रिकेतील डचोद्भव भाषा मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी तेथील माध्यमिक शाळेत, मुख्यतः दहावी ते बारावी या वर्गांत, नेमलेल्या आफ्रिकान्स कादंबऱ्या, कविता, कथा व नाटके यांचा केलेला अभ्यास. सध्याच्या अभ्यासक्रमात या विषयास ‘प्रथम अतिरिक्त भाषा’ म्हणतात. जुन्या पिढीच्या बोलण्यात मात्र ‘त्वीदे ताल’ म्हणजे दुसरी भाषा हेच नाव टिकून आहे. मातृभाषा म्हणून घेतलेली आफ्रिकान्स (‘हेस्ताल’, घरची भाषा) हा वेगळा विषय असून त्याची पुस्तके, प्रश्नपत्रिका व उत्तीर्णतेची अट वेगळी असते.

बारावीच्या राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षेस (बोलीभाषेत ‘मॅट्रिक’) बसणाऱ्या विद्यार्थ्याला दोन अधिकृत भाषा घ्याव्या लागतात. त्यांतील किमान एक मातृभाषेच्या पातळीवर हवी, दुसरी प्रथम अतिरिक्त भाषेच्या पातळीवर चालते. मातृभाषेत ४० टक्के गुण आवश्यक असतात, अतिरिक्त भाषेत ३० टक्के पुरतात. २०१२ ते २०१४ या काळात टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या अभ्यासक्रमानुसार आठवड्याला साडेचार तास या विषयास दिले जातात. एकूण ४०० गुणांपैकी १०० वर्षभरातील शालेय कामाचे असतात. उरलेल्या ३०० पैकी भाषा व आकलन ८०, साहित्य ७०, लेखन १०० आणि तोंडी परीक्षा ५० अशी विभागणी आहे. साहित्याच्या ७० गुणांसाठी कादंबरी, नाटक, कथा व कविता या चारांपैकी दोनच प्रकार प्रत्येकी ३५ गुणांना घेतले जातात. त्यामुळे आफ्रिकान्समध्ये उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याने बारावीत एकही कविता वाचली नसेल, किंवा एकही कादंबरी वाचली नसेल, हे शक्य असते. कोणते दोन प्रकार घ्यायचे हे बहुधा शिक्षक ठरवतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेचे संघराज्य झाले तेव्हा इंग्रजी व डच या समान दर्जाच्या भाषा होत्या. शाळेत आफ्रिकान्सचा शिरकाव १९१४ पासून प्राथमिक वर्गांत झाला आणि १९२५ च्या कायद्याने ‘डच’ या संज्ञेत आफ्रिकान्सचा अंतर्भाव होऊन ती अधिकृत भाषा बनली. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना आफ्रिकान्स व आफ्रिकान्स माध्यमाच्या मुलांना इंग्रजी सक्तीची, अशी द्विभाषी चौकट पुढे अनेक दशके टिकली. या चौकटीत कृष्णवर्णीय आफ्रिकन मुलांना मात्र आपली भाषा धरून तीन भाषांचा भार उचलावा लागे. १९७४ च्या आदेशाने त्यांच्या शाळांत गणित व सामाजिक शास्त्रे आफ्रिकान्समधून शिकवण्याची सक्ती झाली आणि तिच्या विरोधात १६ जून १९७६ रोजी जोहान्सबर्गजवळील सोवेटोतील विद्यार्थी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात मुले मारली गेली. या दिवसाची छाया विषयावर अजूनही आहे. १९९४ मध्ये लागू झालेल्या अंतरिम व पुढे १९९६ च्या राज्यघटनेने अकरा भाषांना अधिकृत दर्जा दिल्यावर आफ्रिकान्सची सक्ती संपली आणि ती निवडीची भाषा झाली. २०२२ च्या जनगणनेनुसार घरात आफ्रिकान्स बोलणाऱ्यांचे प्रमाण १०.६ टक्के आहे. २०११ मध्ये ते १३.५ टक्के होते.

भाषिक अडचणी व दुहेरी नकार : द्वितीय भाषेच्या विद्यार्थ्याला आफ्रिकान्स सुरुवातीला सोपी वाटते. क्रियापद पुरुषानुसार बदलत नाही, नामांना व्याकरणिक लिंग नाही, भूतकाळ बहुतेक एकाच साच्याने होतो. अडचण वाक्यरचनेत येते. त्यासाठी शाळेत ‘स्टॉम्पी’ हे सूत्र पाठ करून घेतात : कर्ता, काळ, कर्म, रीत, स्थळ व शेवटी क्रियापदाचे मूळ रूप, या शब्दांच्या आद्याक्षरांपासून ते बनले आहे. (या शब्दाचा रोजचा अर्थ विडी-सिगारेटचे थोटूक असा आहे, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात राहण्याचे एक कारण असावे.)

याहून चिवट अडचण नकाराची. ‘एक वीत नी’ म्हणजे मला माहीत नाही. येथे एकच ‘नी’ पुरतो, कारण वाक्य त्यावरच संपते. परंतु नकारानंतर आणखी काही आले की वाक्याच्या अगदी शेवटी दुसरा ‘नी’ लागतो : ‘हेइ लीस नी बुके नी’, तो पुस्तके वाचत नाही. गौणवाक्यात क्रियापद मागे सरकते, तरी शेवटची जागा ‘नी’चीच राहते : ‘ओमदात हेइ नी बुके लीस नी’, तो पुस्तके वाचत नाही म्हणून. मनाई करताना सुरुवातीला ‘मुनी’ (नको) येते आणि शेवटी पुन्हा ‘नी’. इंग्रजी बोलणाऱ्या मुलाचा दुसरा ‘नी’ हमखास गळतो. ज्यांच्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो, त्या मराठीसारख्या भाषांच्या भाषकांना पहिला ‘नी’ अधिक परका वाटावा.

या दुसऱ्या ‘नी’चा उगम हा आफ्रिकान्सच्या उत्पत्तीच्या वादातील एक कळीचा प्रश्न आहे. १६५२ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडील केपला डच ईस्ट इंडिया कंपनीचे ठाणे झाल्यानंतर तेथे हॉलंडमधील बोली, मलाय व पोर्तुगीज-मिश्रित व्यवहारभाषा आणि तेथील मूळ रहिवासी खोइखोइ लोकांच्या भाषा एकत्र आल्या, याबाबत दुमत नाही. वाद आहे तो प्रमाणाचा. डच विद्वान हेसेलिंग यांनी १८९९ च्या ग्रंथात गुलामांच्या मलाय-पोर्तुगीज भाषेस महत्त्व दिले. क्लूके (१९५०) व पुढे राइट या भाषाशास्त्रज्ञांनी आफ्रिकान्सचा विकास मुख्यतः डच बोलींमधून झाल्याचे मांडले. नकाराबाबत या दुसऱ्या पक्षाचा आधार म्हणजे युरोपातील काही बोली. बेल्जियममधील आर्स्खोट परिसराच्या बोलीत वाक्याच्या शेवटी असाच जादा नकार येतो, हे बोलींचे अभ्यासक पाउवेल्स यांनी दाखवले. परंतु केपला आलेले बहुसंख्य डच लोक त्या भागातले नव्हते, ही या मताची उणीव आहे. ह्यूगेनो म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट निर्वासितांच्या दुहेरी नकाराचा दाखलाही पूर्वी देत, तो आता फारसा कोणी मानत नाही. भाषाशास्त्रज्ञ हान्स डेन बेस्टेन यांनी १९८० च्या दशकात वेगळी मांडणी केली : पहिला ‘नी’ डच असून वाक्यान्तीचा दुसरा ‘नी’ खोइखोइ भाषकांच्या डचमधून आला असावा, कारण खोइखोइ भाषांत नकार वाक्याच्या शेवटाकडे येतो. डच बोलीतील एखादी क्षीण लकब आणि खोइखोइ वळण यांनी एकमेकांस बळ दिले, हे मध्यममार्गी मत उपलब्ध पुराव्यास अधिक जुळणारे दिसते. एकोणिसाव्या शतकातील पत्रे व रोजनिश्यांत एक ‘नी’ व दोन ‘नी’ यांची सरमिसळ आढळते. आजचा काटेकोर नियम बहुधा प्रमाणीकरणाच्या काळात, म्हणजे १८७५ मध्ये पार्ल येथे स्थापन झालेल्या ‘खऱ्या आफ्रिकानेर मंडळा’ या आफ्रिकान्स-पुरस्कर्त्या संस्थेपासून दक्षिण आफ्रिकी भाषा-साहित्य अकादमीच्या १९१७ च्या शब्दसूचीपर्यंतच्या टप्प्यात, पक्का झाला असावा. ज्या चुकीसाठी आज गुण कापले जातात ती दोनशे वर्षांपूर्वी चूक नव्हती, असा याचा अर्थ होतो.

शब्दसंग्रहातही हा मिश्र उगम दिसतो. ‘बाये’ (खूप), ‘पिसांग’ (केळे) हे मलाय शब्द आहेत. ‘त्रोंक’ म्हणजे कैदखाना हा पोर्तुगीज ‘त्रोंकु’पासून आला, आणि मराठीतील ‘तुरुंग’ही त्याच शब्दापासून आल्याचे सामान्यतः मानतात.

कविता : द्वितीय भाषेच्या वर्गात कविता लहान असल्याने सोयीची मानतात, पण तिची भाषा पाठ्यपुस्तकाहून बरीच दूर असते. युजीन मारे यांच्या १९०५ च्या ‘हिवाळी रात्र’ या अर्थाच्या शीर्षकाच्या कवितेस आधुनिक आफ्रिकान्स कवितेचा आरंभ मानण्याचा प्रघात आहे. तिच्या पहिल्याच ओळीत वाऱ्यासाठी लघुत्वदर्शक रूप येते. ते मृदू वाटले तरी वारा थंड व बोचरा आहे, त्यामुळे ‘झुळूक’ असे मराठी भाषांतर केल्यास अर्थ निसटतो. लघुत्वदर्शक प्रत्यय कधी लहानपणा, कधी माया, तर कधी तुच्छता दाखवतो. प्रश्नपत्रिकेत त्याचे कार्य विचारले की विद्यार्थी ठरावीकपणे ‘लहान’ एवढेच लिहितात.

इंग्रिड योंकर (१९३३–१९६५) यांची केप टाउनजवळील न्यांगा येथे सैनिकांनी गोळ्या घालून मारलेल्या मुलावरील कविता १९६३ च्या संग्रहात आली. मार्च १९६० मधील पास-कायद्याविरोधी (कृष्णवर्णीयांना सतत परवाना बाळगण्याच्या सक्तीविरोधी) आंदोलन व गोळीबार ही तिची पार्श्वभूमी होय. नेल्सन मंडेला यांनी २४ मे १९९४ रोजी संसदेतील भाषणात ती इंग्रजी अनुवादातून वाचली. तिची सुरुवात ‘दी किंत इस नी दूअत नी’, मूल मेलेले नाही, अशी आहे. येथे ‘मेलेले’ हा शब्द दोन ‘नीं’च्या मध्ये येतो, जणू मृत्यूला दोन्ही बाजूंनी नाकारले आहे. इंग्रजीत एकच नकार उरतो, मराठीतही एकच. व्याकरणाच्या वहीत गुण गमावणारा दुसरा ‘नी’ या ओळीत काव्याचे काम करतो. तो तसाच लक्षात आणून देणारे शिक्षक या विषयात दुर्मीळ नसले, तरी परीक्षेतील प्रश्न बहुधा यमकयोजना, चेतनगुणोक्ती व वक्ता ओळखणे यांभोवती फिरतात.

बोलीतील कवितेचा प्रश्न स्वतंत्र आहे. ॲडम स्मॉल (१९३६–२०१६) यांनी केप परिसरातील मिश्रवंशीयांची बोली ‘काप्स’ १९६१ च्या संग्रहात कवितेत आणली. ‘येइ’ (तू) या सर्वनामाचा काप्स उच्चार ‘जेइ’च्या जवळ जातो व तो तसाच छापला जातो. तेच रूप विद्यार्थ्याने निबंधात लिहिल्यास मात्र अशुद्ध ठरते. केप टाउनच्या ज्या मुलांना घराबाहेर ऐकू येणारी आफ्रिकान्स हीच असते, त्यांच्या बाबतीत ‘द्वितीय भाषा’ ही संज्ञाच अपुरी पडते. आफ्रिकान्सच्या सर्वांत जुन्या लेखनापैकी काही अरबी लिपीत, केपच्या मुस्लिम समाजात झाले (अबू बक्र एफेंदी यांचा १८७७ मध्ये इस्तंबूलला छापलेला धर्मग्रंथ), हेही येथे लक्षात घ्यावे.

कादंबरी : शाळांतून दीर्घकाळ वाचल्या गेलेल्या कादंबऱ्यांत डालेने माती यांची ‘फीला से किंत’ (फीलाचे मूल, १९८५) अग्रस्थानी आहे. एकोणिसाव्या शतकातील नाइस्ना अरण्य व लाँग क्लूफ खोरे ही तिची स्थळे. दाराशी सापडलेल्या गोऱ्या मुलाला फीला कोमुती ही मिश्रवंशीय स्त्री वाढवते, जनगणना करणारे अधिकारी त्याला पाहतात आणि पुढे अरण्यातील लाकूडतोड्यांच्या कुटुंबाचा मुलगा म्हणून त्याला तिच्यापासून हिरावून नेतात. कथानक फीला व मुलगा यांच्यात आळीपाळीने फिरते. मुलाचे नाव कोणत्या घरात काय आहे, हे सांभाळणे हीच वाचनाची पहिली कसोटी असते. कादंबरीचा इंग्रजी अवतार, तसेच १९८८ व २०१९ चे चित्रपट उपलब्ध असल्याने मूळ न वाचता उत्तरे लिहिण्याची वाटही मोकळी आहे. मात्र उताऱ्यावरील प्रश्न मूळ वाक्याला धरून असल्याने ती वाट फार दूर नेत नाही.

कथा व नाटक : कथा कादंबरीला पर्याय म्हणून घेतल्या जातात. नाटक वर्गात भूमिका वाटून मोठ्याने वाचतात, त्याचा उच्चारास उपयोग होतो.

भारतीय वंशाचे विद्यार्थी : वर्णभेदाच्या काळात नाताळ प्रांतातील भारतीयांच्या शाळा इंग्रजी माध्यमाच्या असून आफ्रिकान्स दुसरी भाषा होती. केप टाउनमध्ये रत्नागिरी व जंजिरा परिसरातून गेलेल्या कोकणी मुस्लिमांचा लहान समाज आहे. तेथील पुढच्या पिढ्यांत घरातील कोकणी मागे पडून इंग्रजी व आफ्रिकान्स पुढे आल्या.