घाम आणि ताप : ‘हायक्यू’मधले दोन पराभव

(पुढे कथेचा शेवट उघड होतो. वाचायची बाकी असेल तर इथंच थांबा.)

सामना हातचा गेला की ‘नशीबच फुटकं’ म्हणून मोकळं व्हायला आपल्याला वेळ लागत नाही. क्रिकेटमध्ये तर ही रडगाणी टॉसपासूनच सुरू होतात. हारुइची फुरुदाते यांच्या ‘हायक्यू’ या शालेय व्हॉलीबॉलवरच्या मांगामधल्या, म्हणजे जपानी चित्रकथेतल्या (२०१२ ते २०२०, ४५ खंड) दोन पराभवांबद्दलही असंच बोललं जातं: बिचारा केन्मा, बिचारा हिनाता. दोन्ही पराभव टोकियोतल्या राष्ट्रीय शालेय स्पर्धेतले, एकाच दिवसाचे. तरी मांगा दोघांकडे एकाच नजरेनं पाहत नाही.

आधी केन्मा. केन्माची शाळा नेकोमा विरुद्ध हिनाताची शाळा कारासुनो, तिसरा सेट, शेवटची रॅली. चेंडू संपता संपत नाही. दोन्हीकडचे खेळाडू जमिनीवर लोळण घेऊन तो उचलतायत. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू धरून ठेवता येत नाही, आणि रॅली चालू असताना पुसताही येत नाही. त्यामुळे दहा-बारा जणांचा घाम त्याच्यावर साचत जातो. शेवटी नेकोमाचा सेटर, म्हणजे फटक्यासाठी चेंडू वर उचलून देणारा केन्मा चेंडूखाली बरोबर पोचतो, हात नेहमीसारखे वर करतो आणि चेंडू बोटांतून सटकतो. संपला सामना. हाच चेंडू पलीकडच्या सेटरच्या हाती आला असता तरी सटकला असता. केन्माचं काहीही चुकलेलं नाही. चुकलंच नाही तर सुधारायचं काय? खेळाचा एरवी कंटाळा करणारा हा मुलगा, ज्यानं त्याला व्हॉलीबॉलच्या नादी लावलं त्या कुरोचे आभार मानतो. पराभव स्वीकारणं इथं एवढंच आहे.

त्याच दिवशी उपांत्यपूर्व फेरीत कारासुनोची गाठ कामोमेदाई या शाळेशी पडते. निर्णायक सेटमध्ये हिनाता पडतो, अंगात ताप. प्रशिक्षक त्याला बाहेर काढतात आणि संघ हरतो. वरवर पाहिलं तर हीसुद्धा अवकृपाच. पण हिनाता हा संघाचा चकवा आहे: चेंडू त्याच्याकडे येवो न येवो, प्रत्येक वेळी धावायचं आणि जिवाच्या आकांतानं उडी मारायची. सकाळी नेकोमाशी तीन सेट, मग पुन्हा तीन. हा ताप आभाळातून पडलेला नाही.

साहित्य शिकवणारे, स्वतः कधी व्हॉलीबॉल न खेळलेले कारासुनो संघाचे ताकेदा सर त्याला समजावतात, पण ‘तुझं नशीब वाईट’ असं एकदाही म्हणत नाहीत. कोर्टाबाहेर जावं लागण्याचा हा क्षणसुद्धा व्हॉलीबॉलच आहे, या अर्थाचं बोलतात. सोळा वर्षांच्या पोराला आजारपणाचा जाब विचारायचा? मला हे पहिल्यांदा निर्दयच वाटलं. पण खरी दया त्यातच आहे. दैवाचा फटका म्हटलं की हातात काहीच उरत नाही. ‘हे तुझ्या आवाक्यातलं होतं’ म्हटलं की पुढच्या वेळेसाठी करण्यासारखं काहीतरी मिळतं. हिनाता ते मनावर घेतो. रिओमध्ये दोन वर्षं बीच व्हॉलीबॉल खेळून परततो तेव्हा झोप आणि जेवण हेही त्याच्या सरावाचा भाग झालेले असतात.

पराभव नशिबाचा की आपल्या आवाक्यातला, हे ओळखायची खूण सोपी आहे: हरल्यावर पात्र पुढे काय बदलतं ते पाहा. केन्मा काही बदलत नाही, बदलायची गरजही नाही. हिनाता जवळजवळ सगळं बदलतो. दोघांची अदलाबदल केली तर दोन्ही गोष्टी बिघडतात: घामासाठी स्वतःला कोसणारा केन्मा केविलवाणा होईल आणि तापाला दैव म्हणणारा हिनाता आहे तिथंच राहील.

सगळीच उदाहरणं मात्र इतकी सुटसुटीत नसतात. ताकेहिको इनोउए यांच्या ‘स्लॅम डंक’ या बास्केटबॉलवरच्या मांगामध्ये (१९९० ते १९९६) शोहोकू शाळेचा साकुरागी कोर्टाबाहेर जाणारा चेंडू वाचवायला झेपावतो आणि पाठ दुखावून घेतो. शोहोकूची गाठ बलाढ्य सान्नोह संघाशी असते. पाठ गेली तर खेळ कायमचा सुटेल हे त्याला कळतं, तरी तो हट्टानं कोर्टवर परततो. शोहोकू ७९-७८ जिंकतं, आणि पुढच्याच सामन्यात सपाटून हरतं. त्या हरण्याला इनोउए जेमतेम जागा देतात. साकुरागीच्या वाट्याला समुद्रकाठचे उपचार येतात. इथं नशीबही नाही आणि निष्काळजीपणाही नाही. किंमत ठाऊक असून त्यानं ती मोजलेली आहे.